काकूची बाहेरची गाडी

माझी काकू तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होती, आणि तीस वर्षांत तिने एकाही शिकाऊ माणसाला "घाबरू नका" असं म्हटलं नाही. ती म्हणायची, "खुशाल घाबरा. फक्त पाय जागेवर ठेवून घाबरा."

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की शेजारून जाणाऱ्या गाडीतला माणूससुद्धा दचकून ब्रेक मारायचा. गावात तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नसलं की शिक्षकाने ते दाबायचे. काकूच्या वाट्याला चित्त थाऱ्यावर नसलेली माणसं बरीच यायची, कारण बाकीच्या शाळांनी हात टेकलेले लोक शेवटी तिच्याकडेच येत.

आमच्या गावात गाड्यांचा कारखाना होता. अजून आहे, पण तेव्हा कारखाना म्हणजेच गाव होतं. तिथे चार दारांची एकच आटोपशीर गाडी बनायची आणि तीच सगळ्यांच्या घरासमोर उभी असायची. फरक काय तो रंगाचा. बाबा तिथे पेडलच्या बाकावर कामाला होते. क्लच आणि ब्रेकची पेडलं जोडायची, स्प्रिंग बसवायची, ओढून बघायची आणि पुढे सरकवायची, हे त्यांनी बावीस वर्षं केलं. काकूने तोवर घेतलेल्या सहाही गाड्या कारखान्याच्याच. नवी गाडी आली की बाबा रविवारी पान्यांची पेटी घेऊन जायचे आणि शिक्षकाच्या बाजूची पेडलं स्वतः बसवून द्यायचे. वहिनीकडे मजुरीचं नाव काढायचं नाही, पण दोन कप चहा आणि भरपूर कौतुक मात्र वसूल करायचं, असा त्यांचा रिवाज.

मग काकूच्या गुडघ्याने असहकार पुकारला.

डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अठ्ठावन्नच्या आहात, पण तुमचा डावा गुडघा ऐंशीचा आहे. असं काय करता तुम्ही?"

"क्लच दाबते," काकू म्हणाली.

"दिवसातून किती वेळा?"

"समोरचा माणूस कसा आहे त्यावर आहे."

आमच्या कारखान्याच्या गाडीचा क्लच जड होता. गावातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण दुसरा क्लच कुणी दाबलाच नव्हता.

त्याच वर्षी मंदी आली. आधी ती वर्तमानपत्रात होती, मग कारखान्यामागच्या मैदानात दिसायला लागली. न विकलेल्या गाड्या तिथे रांगेत उभ्या राहायला लागल्या, काचांवर धूळ चढली, पावसाने ती धुतली, पुन्हा चढली. काम आठवड्याचे तीनच दिवस झालं. बाबा मंगळवारी घरी बसायला लागले आणि घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल पाजून झाल्यावर आईच्या मागे लागले की तुझं शिवणयंत्र आवाज करतंय. आई म्हणाली, "ते पंचवीस वर्षं आवाज करतंय. तुम्हाला आज ऐकू आलं, कारण तुम्ही आज घरी आहात."

दुकानांच्या काचांवर, बसच्या पाठीवर, केशकर्तनालयाच्या आरशावर एकच कागद चिकटवलेला दिसायचा: "आपली गाडी, आपला घास." बाहेरच्या देशातून येणाऱ्या गाड्या स्वस्त झाल्या होत्या. ज्या चारदोन लोकांनी त्या घेतल्या त्यांना कारखान्याच्या फाटकाच्या आत गाडी आणायला मनाई झाली. त्यांनी नाल्यापलीकडे गाडी लावून चालत यायचं. चालत येताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

आणि नेमका तेव्हाच काकूच्या सहाव्या गाडीचा गिअरबॉक्स गेला.

काकू आधी आपल्याच कारखान्याच्या शोरूमला गेली. तिथला विक्रेता तिचाच जुना विद्यार्थी. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, मंदीमुळे मिळणारी सूट सांगितली. काकू गाडीत बसली, दहा वेळा क्लच दाबला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "अरे, हा तोच आहे."

"तोच आहे बाई. टिकाऊ!"

"टिकाऊ तो आहे. मी नाही ना!"

त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. बिनक्लचची गाडी आमचा कारखाना बनवतच नव्हता. काकू बसने घरी आली आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली.

दोन दिवसांनी तिने मला फोन केला. मी तेव्हा एका दवाखान्यात लोकांचे नंबर लावायच्या कामाला होते आणि त्या दिवशी मला सुट्टी होती. "माझ्याबरोबर एका ठिकाणी चल," म्हणाली. कुठे ते सांगितलं नाही. आम्ही गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर उतरलो, तेव्हा समोर बाहेरच्या गाड्यांची शोरूम दिसली. आत दोन गाड्या आणि कंटाळलेली एक मुलगी. गिऱ्हाईक आम्हीच. काकू निळ्या गाडीत बसली, डावा पाय टाकला, आणि लगेच खाली वाकून बघायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुटलाय वाटतं."

तुटला नव्हता. हलका होता. काकूने तो पुन्हा दाबला, सोडला, दाबला. विक्रेती मुलगी गाडीचे बाकीचे गुण सांगत होती, आणि काकू डोळे मिटून नुसती पाय खालीवर करत होती. तिच्या चेहऱ्यावरचे ते भाव मी आजवर विसरलेले नाही. बऱ्याच दिवसांनी चपला काढून पाय पसरून बसलेल्या माणसाचे असतात तसे.

परत येताना तिने विचारलं, "तुझ्या बाबांना कोण सांगणार?"

"मी नाही," मी म्हणाले.

तिनेच सांगितलं. रविवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात, चहा ओतून झाल्यावर. काकाही होते. काका वाचनालयात काम करायचे आणि आयुष्यभर कुठल्याच भांडणात त्यांनी कुणाची बाजू घेतली नव्हती.

बाबांनी कप खाली ठेवला. "वहिनी, मागच्या मैदानात गाड्या सडताहेत. माझे तीन दिवस गेलेत. आणि तुम्ही बाहेरची गाडी घेणार?"

"भाऊजी, माझा गुडघा..."

"गुडघ्याला मलम लावता येतं. माझा बाक बंद पडला तर काय लावू?"

"या गावात निम्म्या लोकांना मी शिकवलंय," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तिच्या बाबतीत ते जास्त गंभीर होतं. "तुमच्याच गाडीवर शिकवलंय. जो माणूस ज्या गाडीवर शिकतो तीच पुढे विकत घेतो. तुमच्या कारखान्याला माझ्याइतकी गिऱ्हाइकं कुणी आणून दिली असतील तर नाव सांगा."

"मग आता कशाला पलीकडे जाता?"

"कारण तीस वर्षं मी तुमचा क्लच दाबतेय. मला पुढे दहा वर्षं काम करायचंय."

"माझा क्लच," बाबा म्हणाले. हे त्यांना खरोखर लागलं होतं. "म्हणजे तुमचा गुडघा मी घालवला."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंत."

"दोघांचंही बरोबर आहे," काका म्हणाले, आणि दोघंही एकदमच त्यांच्यावर खेकसले.

काकूने गाडी घेतली. बाबांनी तिच्या घरी जाणं बंद केलं.

पहिल्या आठवड्यात पाच विद्यार्थ्यांनी नाव काढून घेतलं. त्यांतल्या एकीने निरोप पाठवला, "बाई, तुमच्यावर राग नाही, पण नवरा कारखान्यात आहे." एका सकाळी मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने "परकी" असं लिहून गेलं होतं. काकूने फडका आणला, मग थांबली आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे." तरी दुपारी ती काकांना म्हणाली की तिला जेवायचं नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. शिक्षकाच्या बाजूला पेडलं असल्याशिवाय शिकवणीचा परवाना मिळत नसे. बाहेरच्या गाडीची ती जोडणी बाहेरूनच यायची, आणि कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, पाच महिने लागतील. गावात अशी पेडलं स्वतः बनवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या बाल्कनीत बसून चौथ्यांदा तीच सायकल पुसत होता.

काकू आली नाही. तिचा स्वभाव तसा नव्हता. मीच बाबांना सांगितलं. ते सायकल पुसतच राहिले. आईने मात्र भांडी विसळता विसळता सुनावलं, "तुमच्या रागाचं राहू द्या. ताईंचं काम बंद आहे आणि तुमचं निम्मं बंद आहे. घरात दोन दोन माणसं रिकामी बसवून कारखाना सुरू होणार आहे का?"

पुढच्या मंगळवारी बाबा पान्यांची पेटी घेऊन निघाले. मी मागोमाग गेले, कारण मला राहवेना.

काकूने दार उघडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पेडलं बसवायची आहेत असं ऐकलं," बाबा म्हणाले.

"बसवायची आहेत."

"चहा नको."

"मी विचारला नव्हता," काकू म्हणाली आणि गॅरेजची किल्ली आणायला आत गेली.

बाबा त्या गाडीत आधी नाक मुरडतच शिरले. उताणे झोपले, डोकं पेडलच्या खाली घातलं, बॅटरी लावली. मग बराच वेळ त्यांच्या नुसत्या चपला दिसत राहिल्या. मला वाटलं, झोप लागली की काय! शेवटी आतून आवाज आला, "वहिनी, पट्टी द्या."

काकूने मोजपट्टी दिली. आत पुटपुट ऐकू आली, मग पुन्हा शांतता, मग एकदम: "हात् तिच्या!"

"काय झालं?"

बाबा बाहेर आले. कपाळाला वंगण, आणि डोळे असे चमकत होते की मी त्यांना कित्येक महिन्यांत तसं पाहिलं नव्हतं. "तार अडकवायचं भोक! आम्ही ते बिजागरीपासून लांब पाडतो. यांनी दीड बोट जवळ घेतलंय. पेडल जरा जास्त खाली जातं, पण जोर निम्मा लागतो. बाकी सगळं तेच आहे, अगदी तेच. वहिनी, फक्त दीड बोट हो!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझा गुडघा दीड बोटाने गेला?"

बाबांना हसू आवरेना. मग तिलाही. मी गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होते. त्या हसण्यात थोडं रडूही असावं, पण दोघांपैकी कुणी ते कबूल केलं नसतं.

पेडलं बनवायला तीन आठवडे गेले. बाबांनी भंगारातून पट्ट्या आणल्या, कापल्या, जोडल्या, दोनदा चुकले, पुन्हा जोडल्या. चहाचे दोन कप आपोआप पुन्हा सुरू झाले. काम संपलं तेव्हा काकू शिक्षकाच्या जागेवर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चालवायला बसा. शिकवणीच्या मैदानापर्यंत जाऊन बघू."

बाबा गाडीबाहेरच उभे. "ही बसेल की," त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तिला दवाखान्यात जायचंय. बसा हो."

"माझे हात खराब आहेत."

"मग पुसा."

बाबांनी हात पुसले. फार वेळ पुसले. काकूने तीस वर्षांत शेकडो माणसं गाडीच्या दारापाशी अशी हात पुसताना पाहिली असणार. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला गाडी येत नाही?"

मी हसणार होते, पण बाबांचा चेहरा पाहून थांबले. मला एकदम लक्षात आलं की मी त्यांना कधीच गाडी चालवताना पाहिलेलं नाही. कारखान्यात सायकल, बाजारात सायकल, लांब जायचं तर बस. पैसे वाचवतात असं आम्ही समजत होतो.

त्यांनी ते गॅरेजमध्येच सांगितलं, पेटी आवरत, आमच्याकडे न बघता. कारखान्यात लागले त्या पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्यांना एक नवी गाडी रंगकामाच्या विभागापर्यंत नेऊन ठेव म्हणून सांगितलं होतं. येत नाही म्हणायची लाज वाटली. गाडी सरळ भिंतीत गेली. लागलं कुणाला नाही, पण सगळी पाळी गोळा होऊन हसली होती. "त्यानंतर नाही बसलो," बाबा म्हणाले. "क्लच बनवतो म्हटल्यावर कुणी विचारतही नाही."

काकूने शेजारच्या सीटवर थोपटलं. "उद्या सकाळी सहाला. मैदानात कुत्रंसुद्धा नसतं."

"वहिनी, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"माझा गुडघा ऐंशीचा आहे, तो येणार आहे."

आईला त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलंय. आई मला म्हणाली, "फिरून येतात आणि शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो. जरा हळू फिरा म्हणावं." मी तोंड मिटून होते. एकदा मात्र मी गुपचूप बघायला गेले. निळी गाडी मैदानात आचके देत पुढे जायची, बंद पडायची, पुन्हा आचके द्यायची, आणि मधूनच काकूचा आवाज उठायचा: "घाबरा, घाबरा, पण पाय!"

बाबा तिसऱ्या खेपेला परीक्षा उत्तीर्ण झाले. आईला परवाना दाखवला तेव्हा तिने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी बसमध्ये पिशव्या घेऊन उभी राहत होते." पण संध्याकाळी तिने शेजारणीला, समोरच्या औषधवाल्याला आणि फोनवर आपल्या भावाला, सगळ्यांना ती बातमी सांगितली.

मंदी मात्र आमच्या आनंदाकडे बघून थांबणारी नव्हती. बाबांनी ते दीड बोटाचं गणित कागदावर काढून कारखान्यातल्या इंजिनिअरला नेऊन दिलं. त्याने ते नीट पाहिलं, चांगलं आहे म्हणाला, आणि म्हणाला की सध्या कुणी नवं काही करायला धजत नाही. चार महिन्यांनी पेडलचा बाकच बंद झाला. पेडलं दुसऱ्या गावातून तयार येणार होती. बाबांसह अकरा जणांना हातात पत्र देऊन घरी पाठवलं. त्या दिवशी बाबा सायकल हातात धरून चालत आले.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आली आणि गॅरेजची किल्ली टेबलावर ठेवली. "मला तिचा काही उपयोग नाही," म्हणाली. "बाहेरच्या गाड्या घेतलेल्या सात शाळा आहेत आजूबाजूच्या गावांत. सगळे पेडलांसाठी पाच पाच महिने थांबलेत. मी चौघांशी बोलले."

"बाहेरच्या गाड्यांवर काम करू मी?" बाबा म्हणाले.

"माझ्या गाडीवर केलंत तेव्हा काय झालं?"

बाबांनी किल्ली लगेच उचलली नाही. दोन दिवस ती टेबलावरच होती. आई जेवणाच्या वेळी ती बाजूला सरकवायची आणि नंतर पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवायची. तिसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर दिसली नाही.

काकूकडचे विद्यार्थी परतायला लागले ते कुणाचं मन बदललं म्हणून नाही. कारखान्यातून निघालेल्या लोकांना काम हवं होतं आणि कामं होती ती सामान पोहोचवण्याची, बस चालवण्याची. त्यासाठी परवाना लागायचा. काकूने त्यांच्यासाठी फी निम्मी केली. त्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी गाडीबाहेर उभं राहून सांगितलं, "बाई, काचेवर मी लिहिलं होतं."

"बसा," काकू म्हणाली. "अक्षर चांगलं आहे तुमचं. बघू, स्टिअरिंगवर हात कसा आहे."

हात बरा नव्हता. पण तो सुधारला. नाव काढून घेतलेल्या पाच जणांपैकी दोघी मात्र परत आल्या नाहीत, आणि एक तर अजून रस्ता बदलून जाते. काकूला त्याचं वाईट वाटतं. ती तसं बोलत नाही, पण त्या बाईचं नाव निघालं की चष्मा पुसायला घेते.

पुढे कारखाना हळूहळू सावरला. तीन वर्षांनी नवी गाडी आली, तिचा क्लच हलका होता. बाबांच्या कागदामुळे की आणखी कशामुळे, कुणाला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "दीड बोट काय, कुणालाही सुचू शकतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "एक बोट आणि तीन रेषा घेतलंय त्यांनी. मी मोजलं."

तोवर बाबांना स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली होती. लांबलांबच्या शाळांत हत्यारं घेऊन जायचं, सायकलवर भागेना. काकूला वाटलं, मला वाटलं, आईलाही वाटलं की ते निळ्या गाडीसारखीच एखादी घेतील. बाबांनी त्या मंदीच्या दिवसांत कारखान्यामागच्या मैदानात पडून राहिलेल्या गाड्यांपैकी एक शोधून काढली. कुणीतरी ती तेव्हा घेतली होती आणि आता विकायला काढली होती. पिवळी, जड क्लचची, एका दाराला ओरखडा.

आम्ही सगळे बघायला गेलो. मालक किंमत सांगत होता आणि बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आत आडवे झाले, बॅटरी लावली आणि पेडलच्या पट्टीवरचा शिक्का शोधायला लागले. प्रत्येक पाळीच्या माणसाचा तिथे एक आकडा ठोकलेला असायचा. काका, काकू, आई, मी, सगळे वाकून बघत होतो.

"तुमचा आहे?" आईने विचारलं.

बाबा बाहेर आले, हात झटकले आणि जरा हिरमुसले. "नाही. दुसऱ्या पाळीतल्या त्या लंबूचा आहे."

"मग?"

बाबांनी दार लावून पाहिलं, पुन्हा उघडलं, आत बसले आणि आरसा आपल्या उंचीला बसवायला लागले. "त्याचं जोडकाम चांगलं होतं," ते म्हणाले. "घेऊ या."